फळ्यावरचा दिनविशेष: तारीख पारखायची कशी, मांडायची कशी

वाचनालयाच्या, शाळेच्या किंवा मंडळाच्या दारातल्या फळ्यावर दिनविशेष लिहायचं काम नेहमी नव्या माणसाच्या गळ्यात पडतं, कारण ते सोपं दिसतं. मोबाइलवर तारीख टाकायची, समोर येईल ते उतरवायचं, अक्षर बरं असलं की झालं. आठवडाभरात दोन तक्रारी येतात. फळा बडोद्यात आहे, पण फळ्यावर बडोदं कुठेच नाही, ही पहिली. दुसरी तक्रार घेऊन एखादे निवृत्त काका चष्मा सावरत येतात आणि तारीख चुकल्याचं सांगतात. बहुतेक वेळा काकांचंच बरोबर असतं.

पुढे २० जुलै ही एकच तारीख घेऊन सगळं काम दाखवलं आहे. बडोद्याच्या फळ्यासाठी ती फार कामाची, कारण या कामातले बरेचसे खड्डे तिच्यात एकाच जागी सापडतात.

सामान आणि कार्डं

पाच बाय तीन इंचांची ३६६ जाड कार्डं, बारा महिन्यांचे बारा विभाजक आणि ती मावतील असा खोका. दिवसामागे एक कार्ड पुरत नाही, पण सुरुवात तिथून करा आणि मग घटनेमागे एक कार्ड वाढवत जा. एका कार्डावर दोन घटना लिहू नका. त्यातली एक चुकीची निघाली की दुसरीही खोडावी लागते.

कार्डावर शाईने फक्त दिवस आणि महिना. बाकी सगळं पेन्सिलीने: साल, घटना एका वाक्यात, गाव, आधार कुठला आणि पान कितवं, दुसरा आधार, आणि तारखेबद्दल वाद असेल तर तो. मागच्या बाजूला ही नोंद कोणत्या साली फळ्यावर लागली ते लिहीत जा. नाहीतर दर २० जुलैला तेच पाच मुद्दे लागतात आणि लोक फळ्याकडे पाहणं सोडतात.

संगणकावर करायचं असेल तर तारीख एका रकान्यात कोंबू नका. दिवस, महिना, साल असे तीन वेगळे रकाने ठेवा. एक्सेलला १९०० च्या आधीच्या तारखा तारखा म्हणून कळत नाहीत. त्या मजकूर म्हणून पडून राहतात आणि क्रम लावताना १८८१ ची नोंद भलतीकडेच जाते. अंक देवनागरीत टाइप केले तरी बहुधा तेच होतं. महिना आणि दिवस जोडून ०७२० असा एक आकडा वेगळ्या रकान्यात ठेवला की वर्ष कुठलंही असो, दिवसाप्रमाणे क्रम नीट लागतो.

कच्ची यादी

२० जुलैसाठी इकडून तिकडून गोळा केलं की साधारण एवढं हाती येतं: १८२२ मेंडेलचा जन्म. १९०८ बँक ऑफ बडोदाची स्थापना. १९१९ एडमंड हिलरींचा जन्म. १९२० सारदादेवींचं निधन. १९४४ हिटलरवर बॉम्बहल्ला, त्यात तो बचावला. १९६० सिरिमावो बंदरनायके श्रीलंकेच्या पंतप्रधान. १९६५ बटुकेश्वर दत्त यांचं निधन. १९६९ माणूस चंद्रावर. १९६९ बँकांचं राष्ट्रीयीकरण. १९७३ ब्रूस लीचं निधन. १९७६ वायकिंग १ मंगळावर.

अकरा नोंदी. यातल्या पाच जशाच्या तशा फळ्यावर लिहिल्या तर काका येणार हे नक्की. ते येण्याआधी प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न: घटनेचा नेमका कोणता क्षण?

सर्वात जास्त चुका इथे होतात. एका घटनेला चार-चार तारखा असतात आणि प्रत्येक यादी आपल्याला सोयीची उचलते.

बंदरनायके यांचंच बघा. २० जुलै १९६० ला तिथे निवडणूक झाली, पंतप्रधानपद त्यांनी २१ जुलैला स्वीकारलं. ‘२० जुलै: पंतप्रधान झाल्या’ हे चूक, ‘निवडणुकीत पक्षाचा विजय’ हे चालेल. मेंडेलच्या नावापुढे कुठे २० दिसते, कुठे २२. जन्म २० चा आणि बाप्तिस्मा २२ चा, असा त्याचा उलगडा केला जातो. जुन्या युरोपातल्या माणसांच्या जन्मतारखा बऱ्याचदा चर्चच्या नोंदवहीतून आलेल्या असतात, म्हणून दोन-तीन दिवसांचा फरक दिसला की आधी बाप्तिस्म्याचा संशय घ्या.

राष्ट्रीयीकरणाची नोंद बडोदेकरांच्या जिव्हाळ्याची, कारण त्या चौदा बँकांत बँक ऑफ बडोदा होती. वटहुकूम निघाला १९ जुलै १९६९ ला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत बातमी आली, म्हणून कात्रणांवरून काम करणाऱ्यांनी ती २० तारखेला टाकली. वर्तमानपत्र हा आधार चांगला, पण अंकावरची तारीख आणि घटनेची तारीख यांत एक दिवस धरायचाच. साप्ताहिक असेल तर आठवडासुद्धा. बातमीत ‘काल’ किंवा ‘गेल्या मंगळवारी’ असा शब्द शोधा आणि तो वार पंचांगात ताडून बघा. ही नोंद १९ जुलैच्या कार्डावर हलवा. तिथे ती पहिल्या क्रमांकाला शोभेल.

सयाजीराव महाराजांच्या बाबतीत हाच प्रश्न जास्त अवघड होतो. ‘महाराज गादीवर आले तो दिवस’ म्हणून तीन तारखा फिरतात. २७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं, १६ जून १८७५ ला ते गादीवर बसले, आणि वयात आल्यावर २८ डिसेंबर १८८१ ला राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले. तिन्ही तारखा खऱ्या, तीन वेगळ्या गोष्टींच्या. कार्डं तीन करा आणि प्रत्येकावर क्रियापद नेमकं लिहा: दत्तक घेतले, गादीवर बसले, अधिकार मिळाले. कायद्यांचंही असंच असतं. संविधान २६ नोव्हेंबर १९४९ ला स्वीकारलं, २६ जानेवारी १९५० ला लागू झालं.

अनेक दिवस चाललेल्या घटनेत हा गुंता वाढतो. १९४७ च्या मार्चमध्ये बडोद्यात होळकर संघाविरुद्ध रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. त्यात विजय हजारे (२८८) आणि गुल महंमद (३१९) यांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली. ही नोंद बडोद्याच्या फळ्यावर हवीच, पण कोणत्या दिवशी? सामना सुरू झाला तो दिवस घ्या, भागीदारी पूर्ण झाली तो घ्या किंवा करंडक जिंकला तो घ्या. जो घ्याल तो वाक्यात दिसला पाहिजे आणि दरवर्षी तोच राहिला पाहिजे.

दुसरा प्रश्न: कुणाच्या घड्याळाने?

अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरलं तेव्हा अमेरिकेत २० जुलैची दुपार होती. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती: २१ जुलै, पहाटेचे १ वाजून ४७ मिनिटं. आर्मस्ट्राँगचं पाऊल चंद्रावर पडलं ते आपल्या घड्याळाने २१ जुलैला सकाळी ८.२६ ला. (ते पाऊल ग्रिनिच वेळेनेही २१ तारखेलाच पडलं. ‘२० जुलै: माणसाचं चंद्रावर पहिलं पाऊल’ हे अमेरिकी वेळेनेच खरं.) रूढ तारीख २० आहे, तीच ठेवा, पण वाक्य ‘यान उतरलं’ असं करा आणि कंसात भारतीय वेळ द्या. वायकिंग १ ला हा त्रास नाही. ते उतरलं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजत आले होते, तारीख दोन्हीकडे २०. खरं तर ते अमेरिकेच्या द्विशताब्दीला, ४ जुलैला उतरवायचं ठरलं होतं. ठरलेली जागा खडबडीत दिसली म्हणून लांबलं.

रात्री बारानंतरच्या घटनांत देशातल्या देशातही गोंधळ होतो, कारण आपल्या परंपरेत दिवस सूर्योदयाला बदलतो, कॅलेंडरमध्ये मध्यरात्री. सारदादेवींचं निधन रात्री दीडच्या सुमाराचं, आणि तारीख कुठे २० तर कुठे २१ सापडते. अशा नोंदीला दोन स्वतंत्र आधार मिळेपर्यंत पेन्सिलीतच राहू द्या.

घड्याळाच्याच जातीचा एक किरकोळ खड्डा: अमेरिकी पद्धतीत आधी महिना, मग दिवस. ८/९/१९४२ म्हणजे तिकडे ९ ऑगस्ट, इकडे ८ सप्टेंबर. दिवसाचा आकडा बारापर्यंत असेल तेव्हाच फसगत होते. महिना नेहमी अक्षरात लिहिलेला आधार शोधा.

तिसरा प्रश्न: कुठलं कॅलेंडर, कुठलं पंचांग?

१५८२ च्या ऑक्टोबरात कॅथलिक देशांनी दहा दिवस गाळून जुन्या ज्युलियनऐवजी आजचं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं. इंग्लंडने ते १७५२ मध्ये घेतलं, तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. रशिया विसाव्या शतकापर्यंत थांबला, म्हणून तिथली ‘ऑक्टोबर क्रांती’ ७ नोव्हेंबरला येते. दोन कॅलेंडरांतला फरक असा मोजायचा: १७०० च्या फेब्रुवारीअखेर १० दिवस, १८०० च्या फेब्रुवारीअखेर ११, १९०० च्या फेब्रुवारीअखेर १२, पुढे १३. शेक्सपिअर आणि सर्व्हांटिस एकाच दिवशी, २३ एप्रिल १६१६ ला गेले, हे वाक्य दर पुस्तकदिनाला कुठे ना कुठे लागतं. इंग्लंडची २३ तारीख स्पेनच्या २३ तारखेहून दहा दिवसांनी उगवली, आणि सर्व्हांटिसच्या बाबतीत २३ हा दफनाचा दिवस. फळ्यावर लिहू नका.

मराठ्यांच्या इतिहासात याचा संबंध येतो तो १७५२ आधीच्या तारखांत. शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तिची ज्युलियन तारीख. आजच्या गणनेने १ मार्च येते. राज्याभिषेकाची ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६ म्हणजे ६ जून १६७४, तीही ज्युलियनच. स्वतः बसून या तारखा बदलायच्या भानगडीत पडू नका. रूढ तारीख ठेवा, शेजारी तिथी लिहा. पानिपतला (१४ जानेवारी १७६१) हा प्रश्नच नाही.

शके आणि इसवी सनाचा मेळ सोपा आहे. गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेर शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. मोडी कागदात सुहूर सन (जुन्या मराठी दफ्तरांतली कालगणना) असेल तर ५९९ किंवा ६००, पण त्यासाठी जाणकाराला गाठा. मराठी आणि गुजराती दोन्ही पंचांगं अमान्त (महिना अमावास्येला संपवणारी) असल्यामुळे इथे महिन्यांची नावं जुळतात. संवत मात्र जुळत नाही. गुजराती विक्रम संवत दिवाळीनंतर कार्तिकात बदलतो, उत्तरेकडचा चैत्रात. म्हणून चैत्र ते आश्विन या काळात उत्तरेचा आकडा एकाने पुढे असतो: जुलै २०२४ मध्ये उत्तरेत २०८१ चालू होता, गुजरातेत २०८०. बडोद्यातला जुना गुजराती कागद उत्तरेच्या कोष्टकाने सोडवला की नेमकं एक वर्ष चुकतं. इंदूर-ग्वाल्हेरकडचा हिंदी आधार असेल तर वद्य पक्षात महिनाही बदलतो. आपली श्रावण वद्य अष्टमी ती त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी.

नोंदीला दिवसच नसेल तर ती फळ्यावर जात नाही. बडोदा संस्थानात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीत झाला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू झाला. गोष्ट कितीही मोठी असली तरी आधारात फक्त साल असेल तर थांबा. काही याद्या दिवस माहीत नसला की १ जानेवारी टाकतात. शाळेच्या दाखल्यावरून आलेल्या १ जूनच्या जन्मतारखांबद्दल तर मराठी माणसाला काही सांगायलाच नको.

आधार जमवायला मांडवीजवळचं मध्यवर्ती ग्रंथालय आहे, विद्यापीठाचं हंसा मेहता ग्रंथालय आहे. गॅझेटियर, चरित्रकोश आणि त्या काळची वर्तमानपत्रं या क्रमाने जा. दोन आधार म्हणताना एकाने दुसऱ्याचंच उतरवलेलं नाही ना, तेवढं बघा. दोघांत एकच शुद्धलेखनाची चूक दिसली की समजायचं.

निवड

पारखून झाल्यावर पाच नोंदी घ्यायच्या, आणि त्यातली पहिली बडोद्याची. सालाचा क्रम त्यासाठी मोडावा लागला तरी मोडा. जगाचा दिनविशेष प्रत्येकाच्या मोबाइलवर येतो. बडोद्याचा फक्त तुमच्या फळ्यावर येईल.

शोधलं तर सापडतं. २ ऑक्टोबरला सगळे गांधीजी आणि शास्त्रीजी लिहितात. राजा रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ ला गेले, आणि त्यांनी सयाजीरावांसाठी काढलेली चित्रं याच गावात आहेत. ३० एप्रिल तर हातची सोडू नये अशी: दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले, आणि ते कलाभवन पुढे ज्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामावलं गेलं त्याची स्थापना ३० एप्रिल १९४९ ची. दुसऱ्याच दिवशी, १ मे १९४९ ला, बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. १ मे १९६० ला त्या राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात झाले, तेव्हा बडोद्यातल्या मराठी फळ्यावर त्या दिवशी दोन्ही राज्यं लिहायची, एकच लिहिलं तर बरं दिसत नाही. २८ डिसेंबरला महाराजांच्या अधिकारग्रहणासोबत १८८५ ची काँग्रेसची स्थापना आणि १८९५ चा ल्युमिएर बंधूंचा पॅरिसमधला पहिला जाहीर चित्रपट-खेळ घेता येतो.

पाचात दोनापेक्षा जास्त निधनं नकोत, फळा श्रद्धांजलीसारखा दिसायला लागतो. ‘भारतातील पहिला’, ‘जगातील सर्वात मोठा’ असले शब्द कार्डावरच खोडा. वाद असेल तर कंसात सांगा. राणी लक्ष्मीबाईंच्या बलिदानाला १८ जून १८५८ लिहून पुढे ‘काही नोंदींत १७ जून’ एवढं पुरे. जे पाळलं जातं ते तसंच लिहा: २३ सप्टेंबरला बडोद्यात डॉ. आंबेडकरांच्या स्मरणार्थ संकल्पदिन पाळतात.

वर्षं मोजताना एक लक्षात ठेवा. १९०८ ची संस्था २० जुलै २००८ ला शंभर वर्षं पूर्ण करते. तिचं शंभरावं वर्ष त्याआधी वर्षभर चालू असतं. शताब्दी वर्ष आणि शताब्दी यांची सरमिसळ छापील निमंत्रणांतही दिसते.

२० जुलैचा पक्का मजकूर असा:

१९०८ – बडोद्यात बँक ऑफ बडोदाची स्थापना. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचा पुढाकार.
१९१९ – एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांचा न्यूझीलंडमध्ये जन्म.
१९६५ – क्रांतिकारक बटुकेश्वर दत्त यांचे दिल्लीत निधन.
१९६९ – अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरले (भारतात २१ जुलै, पहाटे १.४७).
१९७६ – वायकिंग १ हे यान मंगळावर उतरले.

फळा

चार बाय तीन फुटांचा फळा धरून माप असं: वर-खाली दोन-दोन इंच समास, तारखेसाठी चार इंच. उरतात अठ्ठावीस इंच. देवनागरी अक्षर शिरोरेघेला लटकतं, म्हणून आखायची ती वरची रेघ, इंग्रजीसारखी तळाची नाही. रेघेच्या वर मात्रा-वेलांटीला अर्धा इंच, खाली अक्षराला एक इंच, उकाराला अर्धा आणि मोकळा अर्धा. ओळीला अडीच इंच झाले. अकरा ओळी बसतात, पाच नोंदी दोन-दोन ओळींत मावतात. डावीकडे सात इंचांचा पट्टा फक्त सालासाठी सोडा. उरलेल्या रुंदीत एका ओळीला तीस-बत्तीस अक्षरं, शब्दांमधली जागा धरून. कार्डावरचं वाक्य साठाच्या वर गेलं तर ते आधीच छाटा. फळ्यावर आल्यावर शेवटचे शब्द दाटीवाटीने लिहावे लागतात आणि तेच वाचता येत नाहीत.

रेघा पट्टीने ओढू नका. सुती दोरीला खडूची पूड चोळा, दोघांनी दोन टोकं ताणून फळ्यावर टेकवा, आणि एकाने मधोमध चिमटीत उचलून सोडून द्या. टक् आवाज होतो आणि बारीक सरळ रेघ उमटते. लिहून झाल्यावर ती हलक्या हाताने पुसता येते.

नवा फळा असेल तर त्यावर थेट लिहायचं नाही. खडू आडवा धरून सगळा फळा पांढरा करा, कोरड्या फडक्याने पुसा, पुन्हा करा. हे चुकवलं तर पहिल्या दिवसाची अक्षरं फळ्यात बसतात आणि महिनाभर मागून डोकावतात. ओलं फडकं आठवड्यातून एकदाच, आणि फळा पूर्ण वाळल्याशिवाय खडू लावू नका. पावसाळ्यात दारातला फळा दमट राहतो, तेव्हा तो दोन हात आत सरकवा.

लिहायचं आदल्या संध्याकाळी, वाचनालय बंद होताना. महिन्याची कार्डं आधीच्या महिन्यात एकदम पारखून ठेवली की रोजचं काम वीस मिनिटांचं. लिहिणाऱ्याने कार्ड वाचायचं नाही, दुसऱ्याने मोठ्याने वाचून सांगायचं आणि शेवटी लिहिणाऱ्याने फळ्यावरून परत वाचून दाखवायचं. १९६५ चं १९५६ होतं ते इथेच पकडलं जातं.

चूक निघाली तर त्याच दिवशी दुरुस्त करा आणि खाली ‘दुरुस्त केले’ असं लिहा. ज्या काकांनी ती काढली त्यांना आधार विचारा, कार्डावर टिपून घ्या आणि जमलं तर पुढच्या महिन्याची कार्डं तपासायला त्यांनाच द्या.

राहिलं २९ फेब्रुवारीचं कार्ड. गुजरातेत ते रिकामं राहत नाही, कारण मोरारजी देसाई यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा, आणि १९०० हे लीप वर्ष नसल्यामुळे त्यांचा पहिला खरा वाढदिवस थेट १९०४ मध्ये आला. इतर वर्षी ही नोंद २८ फेब्रुवारीच्या फळ्यावर सर्वात खाली घ्या, पण सालापुढे ‘२९ फेब्रुवारी’ पूर्ण लिहा.